आषाढांतला समुद्र आणि बारा चित्रें

आमच्या घरांतील माळा हा एक लहानसा पुराणवस्तुसंग्रहच आहे. त्यावर काय आहे हें घरांतील कोणालाहि नक्की ठाऊक नाहीं. आणि काय नाहीं हें तर छातीवर हात ठेवून कोणीच सांगूं शकणार नाहीं. गेल्या ज्येष्ठांत गच्चीचें पाणी माळ्यांत झिरपूं लागलें, म्हणून सारें सामान खालीं काढावें लागलें. तेव्हां एका फुटक्या घंगाळांत, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेला, आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंचा कॅमेरा सांपडला.

कॅमेरा म्हणजे फार कांहीं नव्हे. 'आग्फा क्लिक थ्री' नांवाची ही काळी पेटी एके काळीं आपल्याच देशांत तयार होत असे, आणि मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत ती असे. पुढें एक साधें भिंग, त्याच्याजवळ सूर्य व ढग यांच्या खुणा, आणि पाठीवर एक लहानशी तांबडी खिडकी. त्या खिडकींतून आंतील कागदावरचे आंकडे दिसतात, म्हणजे कितवें चित्र चाललें आहे हें समजतें. एका रोलांत चित्रें बारा. चित्र घेतल्यावर रोल पुढें सरकविण्याची आठवण आपण ठेवावयाची. विसरलों तर यंत्र कांहीं सांगत नाहीं. बंधु त्यांत उटकमंडच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म घालीत. १९६० सालीं स्थापन झालेला तो कारखाना आतां बंद पडला आहे.

आमची समजूत अशी होती कीं, कॅमेऱ्याची जागा आतां पुन्हां त्या घंगाळांतच. परंतु आमच्या पुतण्याचे चिरंजीव, जे महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाला आहेत, ते ती पेटी पाहून जवळजवळ नाचूंच लागले. हल्लीं तरुण मंडळींत फिल्मवर फोटो काढण्याची हौस पुन्हां बळावली आहे, ही वार्ता आम्हांला त्यांच्याकडून समजली. ज्या कोडॅक कंपनीनें २०१२ सालच्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला, तीच आज फिल्म करून विकते; इंग्लंडांतहि कृष्णधवल फिल्म अद्याप होते. खिशांतल्या मोबाईलवर दिवसाला दोनशें फोटो फुकट निघत असतांना बारा फोटोंकरितां रोल विकत घ्यावयाचा, तो धुवून घेण्याचे पैसे निराळे द्यावयाचे, आणि त्यांतले किती येतील याची शाश्वती नाहीं! आम्हीं हा हिशेब त्यांच्यापुढें मांडला. ते म्हणाले, "आजोबा, म्हणूनच तर!" या उत्तरांत कांहीं अर्थ आहे कीं नाहीं, हें त्या वेळीं आम्हांला ठरवितां आलें नाहीं.

रोल आला, आणि घरांत लगेच वाटणीचा प्रश्न उपस्थित झाला. घरांत माणसें अकरा आणि चित्रें बारा. म्हणजे भागाकार जवळजवळ सुटतो, पण एकत्र कुटुंबांत असे भागाकार कधीं सुटत नसतात. कोणाला गणपतीपर्यंत थांबावेंसें वाटलें, कोणाला बाळाचें बारसें त्यांत बसवावेंसें वाटलें. वहिनी इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मला एकदां पावसाळ्यांतला समुद्र बघावयाचा आहे. चित्र नाहीं काढलें तरी चालेल."

वहिनींनीं ऐंशी ओलांडली आहे. माहेर वाईचें, समुद्र पाहिला तो लग्नानंतर. पण बंधु त्यांना समुद्रावर नेत ते नेहमीं कॅमेऱ्यासह, आणि कॅमेरा नेत तो नेहमीं उन्हाच्या दिवसांत. पावसांत फिल्म वायां जाते असा त्यांचा सिद्धांत होता. या सिद्धांतापायीं, साठ वर्षें मुंबईच्या उपनगरांत राहूनहि, वहिनींना भर पावसाळ्यांतला समुद्र कधीं दिसला नाहीं. बंधु गेल्यावर तर त्यांना कोणत्याच ऋतूंत कोणीं नेलें नाहीं. सूनबाईंनीं लगेच हरकती काढल्या: पाय घसरेल, भिजाल, आणि आक्सा-मार्व्याकडे पावसाळ्यांत माणसें बुडाल्याच्या बातम्या दरवर्षीं वाचतों त्या निराळ्याच. हरकती सर्व रास्त होत्या. तरीहि वहिनींची वात वळणारी बोटें थांबलेलीं पाहून आम्हीं निर्णय दिला कीं, जावयाचें.

येथें बंधूंच्या आल्बमविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. काळ्या पानांवर कागदी कोपऱ्यांत बसविलेलीं लहान चौरस चित्रें आहेत तीं. त्यांत आमच्या मातोश्री आहेत, गॅलरींतली तुळस आहे, अर्ध्या विजारींतले आम्ही आहों. नाहींत ते फक्त बंधु. लग्नांतला समुदायाचा फोटो सोडला तर त्यांच्या तरुणपणाचें एकहि चित्र घरांत नाहीं. जो काढतो तो चित्रांत नसतो, ही गोष्ट इतकी उघड आहे कीं ती आमच्या ध्यानांत यावयास त्यांना जावें लागलें. त्या काळीं नवशिक्यांना एक उपदेश हटकून केला जाई कीं, सूर्य आपल्या पाठीशीं ठेवावा. त्या उपदेशाचें फळ एका चित्रांत उतरलें आहे. वेसाव्याची वाळू, डोळे किलकिले करून उभ्या असलेल्या वहिनी, आणि त्यांच्या पायांपर्यंत आलेली एक लांबट सावली. दोन्ही कोपरें बाहेर काढून पोटाशीं कांहीं तरी धरलेल्या माणसाची. तेवढेच बंधु.

अमरकोशांत छाया या शब्दाचे चार अर्थ दिले आहेत: सूर्याची पत्नी, कांति, प्रतिबिंब आणि उन्हाचा अभाव. हे चारहि अर्थ आम्हीं लहानपणीं पाठ केले आणि पुढें जन्मभर मुलांना सांगितले. परंतु चारहि एकाच ठिकाणीं लागू पडावे अशी वस्तु आपल्याच माळ्यावर धुळींत पडली आहे, हें कधीं सुचलें नाहीं. सूर्याचें तेज असह्य होऊन संज्ञा निघून गेली आणि आपल्या जागीं आपल्यासारखीच दिसणारी छाया ठेवून गेली, ही पुराणांतील कथा वाचकांस ठाऊक आहेच. माणूस गेल्यावर घराच्या भिंतीवर जें राहतें तें याहून निराळें काय असतें? आमच्या बंधूंनीं मात्र जातांना बाकी सर्वांच्या छाया नीट चौकटींत ठेविल्या, आणि स्वतःची अशी वाळूवर टाकून गेले. असो.

तिथि आम्हींच काढून दिली. मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेस व अमावास्येस भरती साधारणतः दुपारीं बाराच्या सुमारास पूर्ण होते, आणि पुढें दररोज ती सुमारें पाऊण तास उशिरां येते. त्या दोन तिथींच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या आसपास भांग. म्हणजे पाण्याचा चढउतार बेताचा. शिवाय अष्टमीस भरती सकाळ-सायंकाळकडे सरकते, आणि मध्यान्हीस ओहोटी असून वाळू उघडी पडते. हें गणित कोळ्यांच्या पोरांस उपजतच येतें. आम्हांला पंचांग उघडावें लागलें. आषाढ वद्य अष्टमी ठरली.

बंधूंच्या काळीं घाटकोपराहून वेसाव्यास जाणें म्हणजे आगगाडीनें दादर, तेथें पूल ओलांडून पश्चिमेची गाडी, अंधेरीस उतरून बस, आणि बरोबर दशम्यांचा डबा. ८ जून २०१४ पासून घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो धांवते, आणि अर्ध्या तासाच्या आंत माणूस पलीकडे पोंचतो. वहिनींना तिच्या खिडकींतून लोकांच्या गच्च्या पाहण्यांत इतका आनंद झाला कीं, समुद्र राहिला तरी चालेल असें त्या म्हणतात कीं काय, अशी आम्हांला भीति वाटली. मात्र स्थानकाचें नांव वर्सोवा असलें तरी समुद्र तेथून दिसत नाहीं. पुढें रिक्षा करावी लागते.

समुद्र निळा असतो ही कल्पना हिंवाळ्यांतच जन्मलेली असावी. आषाढांत तो गढूळ, मातकट, आणि क्षितिजाशीं ढगांत इतका मिसळलेला असतो कीं, पाणी कोठें संपलें आणि आकाश कोठें सुरू झालें हें सांगतां येऊं नये. वाळूवर माणसें नव्हतींच म्हटलें तरी चालेल. भेळ नाहीं, फुगे नाहींत. रस्त्याच्या कडेला मक्याचीं कणसें भाजणारा एक इसम तेवढा छत्रीखालीं शेगडीला वारा घालीत होता. लाटांनीं आणून टाकलेला कचरा मात्र पुष्कळ होता: पिशव्या, बाटल्या, एकेकटीं पायताणें. या किनाऱ्याच्या सफाईचें काम अफरोज शाह या वकिलांनीं २०१५ सालच्या ऑक्टोबरांत सुरू केलें, आणि २०१८ सालच्या मार्चमध्यें येथें ऑलिव्ह रिडले जातीच्या कांसवांचीं पिलें समुद्राकडे जातांना लोकांनीं पाहिलीं. परंतु समुद्राला वर्षभर आपण जें देतों तें तो पावसाळ्यांत परत करतो, आणि त्याचा हिशेब आमच्यापेक्षां चोख असतो.

चिरंजीवांनीं भिंगाजवळची खूण ढगावर आणली. या यंत्राचा उघडझांप करणारा पडदा सावकाश चालतो; तेव्हां श्वास रोखून, कोपरें बरगड्यांना टेकवून कळ दाबावयाची. आकाश झांकलेलें असल्यामुळें प्रकाश सर्व बाजूंनीं सारखा येत होता आणि कशाचीच सावली पडत नव्हती. वहिनी नातवाला म्हणाल्या, "मग आज तुझी सावली नाहीं यावयाची." तो "नाहीं, आजी," म्हणाला, आणि आपल्या कामाला लागला. त्याला त्या बोलण्याचा संदर्भ ठाऊक नसावा.

किनाऱ्याच्या उत्तरेस, खाडीच्या तोंडाशीं कोळीवाडा आहे. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हे माशांच्या विणीचे दिवस. त्यामुळें नौका ताडपत्र्या पांघरून स्वस्थ पडल्या होत्या. बोंबील वाळत घालण्याचे बांबूहि रिकामे होते, आणि त्या रिकामेपणाबद्दल आम्हीं मनांतल्या मनांत थोडे आभारच मानले. एका छपराखालीं एक वृद्ध कोळी पायाच्या आंगठ्यांत जाळें ताणून तें सांधीत बसला होता. चिरंजीवांनीं परवानगी विचारून त्याचें चित्र घेतलें. टक् असा आवाज झाला. कोळ्यानें हात पुढें केला आणि म्हणाला, "बघूं." चिरंजीवांनीं कॅमेऱ्याची पाठ दाखविली, तेथें तांबड्या खिडकीशिवाय कांहीं नव्हतें. "यांत दिसत नाहीं. धुवावें लागतें." कोळी क्षणभर त्या पेटीकडे आणि मग त्याच्याकडे पाहत राहिला. "मग काढला, हें कशावरून?"

आम्हांला हा प्रश्न फार आवडला. नैयायिकांनीं प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें मानिलीं आहेत. मोबाईलनें पहिलें तेवढें ठेवून बाकीचीं तीन निकालांत काढलीं, आणि आपल्याला त्याची इतकी संवय झाली कीं, दाखवितां येत नाहीं तें घडलेंच नाहीं असें वाटावें. फिल्मवर चित्र पडलेलें असतें, पण तें कोणालाच दिसत नाहीं. प्रकाश लागलेल्या रुप्याच्या क्षाराच्या कणांत सूक्ष्म पालट झालेला असतो, आणि तो योग्य औषधांत बुडविल्यावांचून उघड होत नाहीं. तोंवर केवळ शब्द. चिरंजीवांनीं तो दिला: "आणून देईन." कोळी हंसला आणि पुन्हां जाळ्याकडे वळला. त्या गडबडींत रोल पुढें सरकविण्याचें राहून गेलें. पण तें आम्हांला मागाहून कळलें.

वहिनी बराच वेळ कांहीं न बोलतां पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. एका हातांत काठी, दुसरा हात आमच्या दंडावर. लाट दूर फुटे, पण तिचा आवाज पायांखालच्या वाळूंतून येतो आहे असें वाटे. "इतका गर्जत असेल असें वाटलें नव्हतें," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानें पुन्हां, "यांनीं मला हें सांगितलें नाहीं." तक्रार नव्हती त्या स्वरांत, पण नव्हतीच असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. इतक्यांत सर आली. कॅमेरा वहिनींनीं आपल्या पदराखालीं घेतला आणि आम्ही तिघे एका छत्रींत, म्हणजे वस्तुतः छत्रीच्या बाहेर, उभे राहिलों.

सर ओसरल्यावर चिरंजीव म्हणाले, "आजी, आतां तुझा काढतों. दोनच उरले आहेत."

"मला पुष्कळ वेळां काढलें आहे," वहिनी म्हणाल्या. "मी काढतें. कोठें दाबावयाचें?"

हा प्रश्न त्यांनीं सहज विचारला. पण आम्हांला तो लागला. ज्या पेटीपुढें त्या वर्षानुवर्षें 'हलूं नको' म्हटल्यावर न हलतां उभ्या राहिल्या, तिची कळ कोठें आहे हें त्यांना ठाऊक नव्हतें. तें त्यांना कोणींच दाखविलें नव्हतें, आणि त्या 'कोणींच'मध्यें आम्हीहि आलों. कारण आम्हांला बंधूंनीं बाराव्या वर्षीं ती दाबावयास दिली होती. नातवानें त्यांचें बोट धरून कळ दाखविली. चष्म्यामुळें चौकटींतून नीट दिसेना, म्हणून त्यांनीं तो कपाळावर चढविला. मग तर कांहींच दिसेना, म्हणून पुन्हां उतरविला. "भावोजी, तेथें उभे राहा. हलूं नका." आम्ही हललों नाहीं. टक् झालें. कॅमेरा परत देतांना त्यांचे दोन्ही हात थरथरत होते, आणि मुद्रा अशी होती कीं जणूं त्यांनीं घरांतल्या मोठ्या माणसाची कांहीं तरी वस्तु न विचारतां वापरली. बारावें चित्र रिक्षांत बसतांना चुकून दाबलें गेलें.

रोल धुण्यास शहरांतील एका दुकानांत दिला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईस हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचें चलच्चित्र घेतलें, तेव्हां ती फिल्म धुण्याकरितां लंडनला पाठवावी लागली होती. त्या मानानें आमचे आठ दिवस म्हणजे कांहींच नव्हेत. तथापि घरांतल्या लहान मुलांनीं रोज चौकशी करून आमचा जीव नकोसा केला. त्यांना आम्हीं सांगितलें कीं, प्रकाश लागलेले कण औषधानें काळे होतात, आणि न लागलेले हायपोंत विरघळून जातात. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाला १८१९ सालींच समजला होता. छायाचित्रें टिकविण्याकडे त्याचा उपयोग झाला तो वीस वर्षांनीं. एक गोष्ट मात्र आम्हीं घरांत सांगितली नाहीं: ते कण फिल्मवर ज्या सरसांत बसविलेले असतात तो जनावरांच्या हाडांचा व कातड्याचा असतो, आणि तीच वस्तु वहिनींनीं पदराखालीं धरली होती. हें लेखन त्या वाचतीलच. तेव्हां येथेंच क्षमा मागून ठेवतों.

बारांपैकीं सात चित्रें आलीं. दोन इतकीं धुरकट, कीं तीं समुद्राचीं आहेत कीं भिंतीचीं यावर घरांत मतभेद झाला. ताडपत्री पांघरलेल्या नौकांचें चित्र उत्तम. जाळें सांधणाऱ्या कोळ्याच्या चित्रावर, रोल न सरकविल्यामुळें, पुढचें समुद्राचें चित्र चढलें आहे. कोळी जाळें घेऊन बसला आहे आणि त्याच्या छातींतून एक मोठी लाट जाते आहे. चिरंजीव खजील झाले. पण त्यांच्या मित्रांना तेंच सर्वांत आवडलें म्हणतात.

वहिनींनीं घेतलेलें चित्र तिरपें आलें आहे. समुद्र एका बाजूला सांडतो आहे, आणि आमचें मस्तक नाकाच्या वर कापलें गेलें आहे. उरलों ते आम्ही एक पाय पुढें टाकून, डावा हात कमरेवर ठेवून उभे आहों. मुलें पोट धरधरून हंसलीं. वहिनींनीं तें चित्र उजेडाकडे नेऊन पुष्कळ वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "तुमचे दादा असेच उभे राहत."

आम्हांला तसें आठवेना. पडताळून पाहावें तर तसें उभे असलेल्या बंधूंचें चित्र नाहीं. म्हणजे पुन्हां शब्दच. आणि त्या विषयांत वहिनींहून आप्त असा वक्ता दुसरा कोण? त्यांनीं आल्बम मागवून घेतला, आणि वेसाव्याच्या सावलीचें चित्र ज्या पानावर आहे त्याच्या समोरच्या पानावर आम्हांला, मस्तकाशिवाय, चार कोपऱ्यांत बसविलें.

कोळ्याला दिलेला शब्द राहिला होता. श्रावणांत घरचीं व्रतवैकल्यें आटोपतां आटोपतां नारळीपौर्णिमा होऊन गेली, आणि नौका पाण्यांत उतरल्या. भाद्रपदाच्या आरंभीं चिरंजीव आणि आम्ही चित्राची एक प्रत पाकिटांत घालून वेसाव्यास गेलों. छपराखालीं कोणी नव्हतें. शेजारच्या घरांतून त्याची बायको बाहेर आली. तो समुद्रावर गेला होता, केव्हां येईल याचा नेम नव्हता. तिनें ओले हात लुगड्याला पुसून पाकीट उघडलें. लाट अंगांतून कशी गेली हें समजावून सांगण्याकरितां चिरंजीवांनीं तोंड उघडलें, तोंच ती म्हणाली, "बरोबर आहे कीं. हा पाण्यांतच असतो. घरीं कधीं दिसतो?"